पुठ्ठा मुलांच्या हातात द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री आणि मा. महिला व बालविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



एकच पत्र दोघांना लिहिण्याचे कारण सरळ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचे वय हा एकच पायाभूत टप्पा मानला. आपल्याकडे मात्र त्यातली पहिली तीन वर्षे अंगणवाडीत, म्हणजे एका खात्याकडे जातात आणि पुढची दोन शाळेत, म्हणजे दुसऱ्या खात्याकडे. घरातल्या जुन्या वस्तूंपासून लहान मुलांनी काही करणे ही या वयातली अत्यंत मोलाची गोष्ट आहे आणि ती अंगणवाडी, खासगी बालवाडी आणि पहिली-दुसरीचे वर्ग अशा सगळीकडे जवळजवळ एकाच पद्धतीने बिघडत चालली आहे. माझी मागणी आधीच सांगून टाकते. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी घरून वस्तू करून आणायला सांगणे, त्या वस्तूंची प्रदर्शने मांडणे आणि ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या स्पर्धा घेणे हे सारे बंद करावे. त्याऐवजी प्रत्येक अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात स्वच्छ जुन्या साहित्याची एक पेटी असावी आणि त्या पेटीशी मुलांना मनासारखे काही करता यावे म्हणून आठवड्यात ठरलेला, निवांत वेळ असावा.

आज काय चालते ते आपल्या दोघांच्याही परिचयाचे असेल. पालकांच्या मोबाइलवर निरोप येतो की परवा ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’ची वस्तू आणावी. दिवसभराचे काम उरकून आई किंवा बाबा स्टेशनरीच्या दुकानात जातात. तिथे आइस्क्रीमच्या काड्या कोऱ्या पाकिटात मिळतात, चमकीचे कागद मिळतात, चिकटवायचे डोळे मिळतात आणि शाळेच्या प्रकल्पासाठी म्हणून थर्माकोलचे तुकडेही मिळतात. रात्री मूल झोपल्यावर घर, झोपडी, पवनचक्की किंवा फुलदाणी तयार होते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी लागते, ती टेबलावर मांडली जाते आणि ज्याच्या नावाची ती आहे त्यालाच ‘हात लावू नको’ म्हणून सांगितले जाते. या सगळ्या खटाटोपात जुनी म्हणता येईल अशी वस्तू बहुधा एखादी बाटली किंवा खोके असते, बाकी सारे विकत आणलेले. ज्या घरात जुने खोकेही नाही, त्या घराची तर आणखी पंचाईत होते. पाड्यावरच्या किंवा वीटभट्टीवरच्या कुटुंबात बुटांचे खोके येणार कुठून? त्यांना ‘टाकाऊ’ वस्तूही विकतच आणावी लागते. त्यात थर्माकोलचा प्रश्न तर कायद्याचाही आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, सजावटीचे थर्माकोल त्यात होते. १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या नियमांनीही सजावटीचे थर्माकोल देशभर बंद केले. पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या शाळेच्या उपक्रमासाठी पालक तेच साहित्य शोधत फिरतात, ही परिस्थिती खात्याने फार दिवस चालू द्यायला नको होती.

दोष पालकांचा नाही आणि शिक्षकांचाही बराचसा नाही. वस्तूला महत्त्व आले की ती नीटनेटकी हवी, नीटनेटकी हवी म्हणून मोठ्यांनी करायची, असे हे आपोआप घडत जाते. म्हणून उपाय करायचा तर तो वस्तूचे महत्त्व कमी करण्याचाच हवा. याला बालमानसशास्त्रातला आधार जुना आणि भक्कम आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या, मुळातच चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर बक्षीस मिळेल’ असे आधी सांगितले गेले आणि ते दिलेही गेले. काहींना बक्षीस अचानक मिळाले, काहींना मिळालेच नाही. पुढे मोकळ्या वेळात रंग समोर ठेवल्यावर बक्षिसाच्या आशेने चित्रे काढलेली मुले इतर मुलांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. आवडीचे काम बक्षिसासाठीचे काम झाले आणि बक्षीस संपताच ओढही ओसरली. आपण प्रजासत्ताकदिनी किंवा स्नेहसंमेलनात पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढतो तेव्हा नेमके हेच करतो, आणि तेही त्या वयात, जेव्हा करून पाहण्याची भूक सगळ्यांत मोठी असते.

स्पर्धा नसलेल्या वर्गातही दुसरी एक अडचण असते. बाई आधी एक नमुना करून दाखवतात, मग तीस मुले तीच पेपर-प्लेटची मनीमाऊ करतात. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे लागू पडतो. त्यांनी पाइपच्या तुकड्यांचे एक अनोळखी खेळणे बनवले. त्यात आवाज, दिवा, आरसा अशा चार निरनिराळ्या गमती लपलेल्या होत्या. काही मुलांना ‘हे असे चालते’ म्हणून त्यातली एक गंमत शिकवून दाखवली, तर बाकीच्यांपुढे खेळणे तसे न शिकवता ठेवले. शिकवलेली मुले तेवढीच गंमत पुन्हा पुन्हा करत राहिली, कमी वेळ खेळली आणि इतर गमती त्यांना कमी सापडल्या. मोठ्या माणसाने ठामपणे दाखवले म्हणजे यात दाखवण्याजोगे एवढेच आहे, असे मूल समजते. त्याचा तर्क चुकीचा नाही, आपले दाखवणे अवेळी असते. कात्री कशी धरावी, खळ किती लावावी, दोरा कसा ओवावा हे दाखवलेच पाहिजे, कारण ते हत्यार वापरण्याचे शिक्षण आहे. त्या कात्रीने काय कापायचे हे मात्र मुलाकडे राहू द्यावे.

मुलाकडे ते राहिले की काय होते, यासाठी अगदी साधे उदाहरण घेऊ. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी घ्यायची. तिच्या एका टोकाजवळ वरच्या कडेने आणि दुसऱ्या टोकाजवळ खालच्या कडेने अर्ध्यापर्यंत चीर द्यायची आणि दोन्ही चिरा एकमेकींत अडकवायच्या. माशासारखा आकार तयार होतो. उंच धरून सोडला की तो गरगर फिरत खाली येतो. पाच वर्षांच्या मुलाला हे थोड्या मदतीने जमते. त्यानंतर जे घडते ते पाहण्यासारखे असते. पट्टी लांब घेतली तर? आखूड घेतली तर? जाड पुठ्ठ्याची केली तर फिरतच नाही, का बरे? ओल्या हाताने धरलेली फाटली. दोन मासे एकदम सोडले, आधी कोणता पोचला? या एका कागदाच्या पट्टीत मोजमाप आहे, तुलना आहे, कारण शोधण्याची धडपड आहे आणि पुढे पेन्सिल धरायची त्याच बोटांचा व्यायाम आहे. शिवाय चूक झाली तर काही बिघडत नाही, वर्तमानपत्राचे दुसरे पान असतेच. विकतच्या खेळण्यात ही सोय नसते. जुन्या साहित्याचा खरा गुण तो फुकट आहे एवढाच नाही. ते वाया गेले तरी कुणी रागावत नाही, आणि या निर्भयपणातूनच मूल दहा वेळा करून पाहते. इंग्लिश कलाकार आणि शिक्षक सायमन निकल्सन यांनी १९७१ साली एका निबंधात मांडले होते की मुलांच्या कल्पकतेचा संबंध त्यांच्या भोवती किती आणि कोणत्या प्रकारच्या सुट्या, बदलता येण्याजोग्या वस्तू आहेत याच्याशी असतो. खोके गाडी होते, मग घर, मग दुकान. प्लास्टिकची तयार मोटार मात्र मोटारच राहते.

हे परदेशातून उसने घ्यायचे ज्ञानही नाही, महाराष्ट्राची ही स्वतःची कमाई आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. माँटेसोरीची महागडी साधने गावातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या यांची साधने केली. मुले शाळेत येत नव्हती तेव्हा त्या पाड्यावरच्या अंगणात गेल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. अंगणवाडीची कल्पना या कामातून उभी राहिली आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा देशभर तेच नाव गेले. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी अनेक वर्षे काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने कागद यांतून विज्ञानाची खेळणी केली आणि ती कशी करायची हे सगळ्यांना मोफत खुले केले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. घराघरांतला पुरावा हवा असेल तर दिवाळीतला किल्ला आहे. पडक्या विटा, गोणपाट, माती, फुटके डबे गोळा करून मुले तो रचतात. आपसांत भांडतात, बुरूज ढासळला की पुन्हा लिंपतात, मोहरी किंवा अळीव पेरून त्यावर हिरवळ आणतात. त्यासाठी कुणी नमुना देत नाही आणि आई रात्री जागून तो पुरा करत नाही. आता बाजारात तयार प्लास्टरचे किल्ले मिळू लागले आहेत. घरचा किल्ला आपण वाचवू शकू की नाही हे सरकारच्या हाती नाही, पण बालवाडीतला तास आहे.

आता आक्षेपांकडे येते. एक आक्षेप मागणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच निर्माण केला आहे. या उपक्रमामुळे कचरा कमी होतो, मुलांत पर्यावरणाची जाणीव येते, असे सांगितले जाते. मग प्रदर्शन का बंद करायचे, असा प्रश्न येणारच. मला वाटते की कचरा कमी होण्याचा दावा आपण सोडून दिला पाहिजे, कारण तो टिकत नाही. वर्तमानपत्र आणि पुठ्ठा आपल्याकडे वाया जातच नाहीत, ते रद्दीवाल्याकडे जातात आणि तिथून पुन्हा कागद होतात. १९९३ पासून पुण्यात काम करणाऱ्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासद कचरावेचक स्त्रियांना विचारले तर त्या सांगतील की स्वच्छ पुठ्ठ्याला भाव आहे. त्याच पुठ्ठ्यावर थर्माकोल, चमकी, प्लास्टिकची फुले आणि गरम गोंदाचे थर चढवले की तो भंगारातही जात नाही आणि ओल्या कचऱ्यातही. चमकी बहुतेक प्लास्टिकचीच असते, युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंधन आणले ते याच कारणाने. म्हणजे आजच्या पद्धतीने आपण पुनर्वापर होऊ शकणारी वस्तू निरुपयोगी करून टाकतो. माझ्या प्रस्तावात कागद, पुठ्ठा, सुतळी, चिंध्या, नारळाच्या करवंट्या आणि पिठाची खळ एवढेच आहे. खेळून झाले की खोके मोडून पेटीत परत जाते, कागद रद्दीत जातो. पर्यावरणाची जाणीव हे त्याचे पहिले उद्दिष्ट नाही. वस्तू पुन्हा पुन्हा मोडून नवी करता येते, हे मुलाला रोज दिसेल. त्यातून पुढे जी समज यायची ती येईल.

यापेक्षा कितीतरी गंभीर आक्षेप सामाजिक आहे आणि त्याला झटकून उत्तर देता येणार नाही. श्रीमंतांच्या मुलांना चांगली खेळणी आणि गरिबांच्या मुलांना कचरा, असा हा न्याय आहे का, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजात कचऱ्याला हात लावण्याचे काम ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. कचरा वेचणाऱ्या आईच्या मुलाला वर्गात ‘टाकाऊ वस्तू आण’ म्हणून सांगणे म्हणजे काय, याचा विचार सुचवणाऱ्याने केला पाहिजे. म्हणूनच मी म्हणते की मुलांनी घरून काही आणायचेच नाही. साहित्य वर्गाच्या पेटीत असेल, ते धुतलेले, वाळवलेले, निवडलेले असेल, सगळ्यांचे मिळून असेल आणि कुणाच्या घरून काय आले हे कुणालाच दिसणार नाही. ते गोळा करण्याची सोय ग्रामपंचायत, किराणा दुकान, शिंपी, छापखाना, सुतार यांच्याकडून होऊ शकते. इचलकरंजी-मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत सुताच्या रिकाम्या कांड्या आणि कापडाचे काठ मिळतील, पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांतून पॅकिंगचे कोरे पुठ्ठे मिळतील. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात कारखान्यांकडचे असे उरलेले साहित्य बालशाळांना पुरवणारे केंद्र आहे, तसे एखादे प्रत्येक जिल्ह्यात उभे करणे अवघड नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट असावी. ही पेटी खेळण्यांच्या आणि पुस्तकांच्या तरतुदीला पर्याय नाही. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच आणला, तो किंवा तसा संच अंगणवाडीत आलाच पाहिजे. ‘जुन्या वस्तूंतून खेळणी करा’ असा आदेश काढून खरेदीची रक्कम वाचवली गेली, तर या पत्राचा तो विपर्यास ठरेल. तसेच ही पेटी महानगरपालिकेच्या शाळेत असेल तशीच महागड्या इंग्रजी शाळेच्या ज्युनियर केजीतही असावी. दोन्हीकडच्या मुलांच्या हाताला एकच पुठ्ठा लागला, तर गरिबांना कचरा दिल्याचा आरोप उरत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा नियमांनी सुटणारा आहे, पण नियम लिहिलेले हवेत. विकतच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. घरच्या खेळण्याला तपासणी नसते, म्हणून काय घ्यायचे नाही याची यादी ठळक असावी. कीटकनाशक, फिनाइल, ॲसिड यांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी नकोत. ग्रामीण भागात हे सांगणे विशेष गरजेचे आहे, कारण फवारणीच्या औषधांच्या बाटल्या घराघरांत पडून असतात. गोळ्यांची रिकामी पाकिटे, पत्र्याच्या धारदार कडा, फुटकी काच, डोक्यावरून जाईल अशी प्लास्टिक पिशवी नको. गोल, बटणाएवढे सेल तर मुळीच नकोत, ते गिळले गेले तर अन्ननलिका काही तासांत भाजते. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ तोंडात मावेल अशी कुठलीही वस्तू नसावी. ते तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, तिच्यात जे पूर्ण मावते ते धोक्याचे. खळ करताना कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत तो घालू नये. ताजी खळ करावी, उरली तर फेकावी.

राहिला सेविकांचा प्रश्न. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी यांत अंगणवाडी सेविकेचा दिवस जातो, त्यात आणखी एक काम कशाला, असे त्या म्हणतील आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून या तासाची कुठलीही नोंद, फोटो किंवा अहवाल मागू नये. फोटो मागितला की पुन्हा फोटोत चांगली दिसणारी वस्तू करावी लागते आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो. प्रशिक्षण भाषणाचे नको, सेविकांनी आणि मदतनिसांनी स्वतः दोन दिवस कागद-पुठ्ठ्यात हात घालावेत एवढेच. पालकांना अक्षरे हवी असतात, ही चिंता खोटी नाही. कातरणे, दुमडणे, ओवणे, चिकटवणे यांतून बोटे लिहिण्यासाठी तयार होतात, आणि आपण केलेल्या वस्तूविषयी मूल जेवढे आपणहून बोलते तेवढे तक्त्याकडे पाहून बोलत नाही. पालकांना वर्षातून दोनदा त्या तासाला वर्गात बोलवावे आणि मुलांसोबत जमिनीवर बसवावे. मांडलेल्या वस्तू पाहण्यापेक्षा करणारे मूल पाहणे त्यांना अधिक पटेल, असा माझा विश्वास आहे.

पहिलीपासूनच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पाठ्यपुस्तकामुळे या कामाला अभ्यासक्रमात जागा आधीच आहे, त्यामुळे नवा विषय आणावा लागणार नाही. हवे आहे ते दोन्ही खात्यांचे एक संयुक्त परिपत्रक. त्यात आठ वर्षांखाली घरून वस्तू आणायला सांगणे आणि हस्तकलेच्या स्पर्धा घेणे यांना स्पष्ट मनाई असावी, धोकादायक साहित्याची यादी असावी, साहित्यपेटीसाठी दर अंगणवाडीमागे छोटीशी वार्षिक रक्कम असावी आणि हे सगळे खासगी बालवाड्यांनाही लागू असावे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ते काढावे, ही आपणा दोघांना कळकळीची विनंती.

आपली नम्र,
महाराष्ट्रातील एक नागरिक